ॲपचा व्हर्जन नंबर कसा वाचायचा? ‘४.०.०’ मधल्या तीन आकड्यांचा तुमच्या सातबाऱ्याशी काय संबंध?

ऑगस्ट महिना. धानाची रोवणी आटोपत आलेली असते आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो : “ई-पीक पाहणीचं नवीन व्हर्जन आलं आहे. जुनं ॲप चालणार नाही. लगेच अपडेट करा.”

चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावलीचा धानपट्टा असो, नाहीतर वरोरा, राजुरा, कोरपन्याकडचा कापूस-सोयाबीनचा भाग, मेसेज सगळीकडे सारखाच असतो. गडचिरोलीत मात्र ‘लगेच अपडेट करा’ हे म्हणणं सोपं आणि करणं अवघड. जिल्ह्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त भागावर जंगल आहे. भामरागड, एटापल्ली, कोरची यांसारख्या तालुक्यांतल्या अनेक गावांत आधी नेटवर्क शोधावं लागतं, मग अपडेट.

अशा वेळी साधा प्रश्न पडतो. नवीन व्हर्जनमध्ये नेमकं नवीन काय आहे? ते आज घ्यायलाच हवं का, की तालुक्याच्या ठिकाणी गेल्यावर घेतलं तरी चालेल?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर ॲपच्या व्हर्जन नंबरमध्येच असतं. तो कसा वाचायचा, बग-फिक्स म्हणजे काय आणि अपडेट करताना काय सांभाळायचं, ते समजून घेऊया.

आधी पाहू : ई-पीक पाहणीचा नंबर कसा वाढत गेला?

शेतात कोणतं पीक आहे याची नोंद पूर्वी तलाठी करायचे. ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावी, यासाठी राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी प्रकल्प राज्यभर सुरू केला. महसूल आणि कृषी विभागाच्या या प्रकल्पात टाटा ट्रस्टचं सहकार्य होतं.

पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२२ ला, ‘व्हर्जन २’ आलं. त्यात बरंच काही बदललं. जिओ-फेन्सिंग आलं, म्हणजे फोटो काढताना तुम्ही त्या गटात आहात की नाही हे ॲप तपासू लागलं. नोंद चुकली तर ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोय मिळाली. शेतकऱ्याने केलेली नोंद अंतिम मानायची आणि तलाठ्यांनी त्यातल्या १० टक्के नोंदी तपासायच्या, असं ठरलं.

नंतर केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडलेलं ‘ई-पीक पाहणी (डीसीएस)’ आलं. २०२५ च्या खरिपात शेतकऱ्यांना त्याचं ४.०.० हे व्हर्जन घ्यायला सांगण्यात आलं.

ही नोंद पुढे पीक कर्ज, नुकसानभरपाई आणि हमीभावाने विक्री, अशा कामांत लागते. चंद्रपूर-गडचिरोलीत आदिवासी विकास महामंडळ किंवा मार्केटिंग फेडरेशनच्या केंद्रावर धान विकायचं तर सातबाऱ्यावर धानाची नोंद हवी. त्यामुळे या ॲपमध्ये अडकलेला एखादा बग थेट धानाच्या पैशापर्यंत पोहोचू शकतो.

तीन आकडे, तीन अर्थ

४.०.० हा नंबर ‘चारशे’ असा वाचायचा नसतो. हे तीन वेगवेगळे आकडे आहेत आणि मधले टिंब फक्त त्यांना वेगळं करण्यासाठी आहेत.

• पहिला आकडा, मेजर : मोठा बदल. जुन्या पद्धतीने चालणारी एखादी गोष्ट आता चालणार नाही, असा याचा अर्थ. नवीन स्क्रीन, नवीन नियम, कधी पुन्हा नोंदणी.

• दुसरा आकडा, मायनर : नवीन सोय जोडली आहे, पण जुनं सगळं तसंच चालेल.

• तिसरा आकडा, पॅच : फक्त दुरुस्ती. नवीन काही नाही, बिघडलेलं नीट केलं आहे. यालाच बग-फिक्स रिलीज म्हणतात.

म्हणजे समजा ४.०.० नंतर ४.०.१ आलं, तर ती डागडुजी. ४.१.० आलं तर घराला एक नवीन खोली. आणि ५.०.० आलं तर घरच नव्याने बांधलं, दारंसुद्धा वेगळ्या जागी.

या पद्धतीला ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ म्हणतात. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तिचे नियम लिहून काढले. त्यातला एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकदा एखाद्या नंबरचं व्हर्जन बाहेर पडलं की त्यात गुपचूप बदल करायचा नाही. काहीही बदललं, अगदी एक ओळ जरी, तरी नंबर पुढे जायला हवा.

याचं कारण सोपं आहे. दोन शेतकऱ्यांच्या फोनवर एकच नंबर दिसतो, पण आत ॲप वेगवेगळं आहे, असं झालं तर कुणाची तक्रार कशाबद्दल आहे हेच कळणार नाही.

सगळे जण ही पद्धत पाळतात असं नाही. उबंटू ही संगणकप्रणाली वर्ष आणि महिन्यावरून नंबर देते, म्हणजे २४.०४ हे २०२४ च्या एप्रिलमधलं व्हर्जन. मायक्रोसॉफ्टने विंडोज ८.१ नंतर थेट विंडोज १० आणलं, ९ आलंच नाही. त्यामुळे नंबर हा बनवणाऱ्याने दिलेला शब्द असतो. तो पाळायचा की नाही, हेही त्याच्याच हातात असतं.

धानाच्या वाणाचंही असंच असतं

ही कल्पना आपल्या भागाला नवीन नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांना ‘पटेल-३’ या वाणाच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून, पुन्हा पुन्हा पेरून जे वाण तयार केलं, ते ‘एचएमटी’ म्हणून देशभर गेलं. बदल इतका मोठा होता की ‘पटेल-३’ च्या पुढे आणखी एक आकडा लावून भागलं नसतं, नावच नवं हवं होतं. पुढे त्यांच्या वाणांच्या यादीत ‘डीआरके’ आणि ‘डीआरके-२’ अशी नावंही आली.

बियाण्याच्या पिशवीवर नाव आणि नंबर नसेल तर शेतकरी ते पेरत नाही. ॲपच्या बाबतीत मात्र आपण नंबर न बघता ‘अपडेट’ दाबतो.

४.९ मोठं की ४.१०?

इथे बहुतेक जण फसतात. शाळेतल्या गणितात ४.९ हे ४.१० पेक्षा मोठं. व्हर्जनमध्ये उलटं. ४.१० म्हणजे चौथ्या पिढीतला दहावा बदल, म्हणून तो नववा बदल असलेल्या ४.९ च्या पुढचा.

फोनला मात्र हा गोंधळ होत नाही. प्रत्येक अँड्रॉइड ॲपमध्ये दोन नंबर असतात. एक आपल्याला दिसणारा, ४.०.० सारखा. दुसरा आत लपलेला साधा पूर्णांक, समजा ३७. प्ले स्टोअर हा दुसरा नंबर बघतं आणि तो दर वेळी वाढलाच पाहिजे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. नवीन व्हर्जन बिघडलं म्हणून प्ले स्टोअरवरून ‘मागचं व्हर्जन परत द्या’ असं करता येत नाही. बनवणाऱ्यांना जुनाच कोड नवीन, मोठा नंबर लावून पुन्हा पाठवावा लागतो. म्हणून कधीकधी नंबर पुढे जातो, पण ॲप मागे आलेलं असतं.

बग-फिक्स कसा तयार होतो?

बग म्हणजे प्रोग्राममधली चूक. ॲप सुरूच झालं नाही, तर ती लगेच दिसते. पण सगळ्या चुका अशा नसतात. समजा, बांध्या लहान आणि एकमेकांना लागून आहेत, वर ढग आणि बाजूला दाट झाडी असल्याने जीपीएस थोडं सरकतं आणि ॲप सांगतं, “तुम्ही गटाच्या बाहेर आहात.” शेतकरी स्वतःच्या बांधीत उभा, पण ॲपच्या लेखी बाहेर. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसून चाचणी घेणाऱ्याला ही अडचण दिसेलच असं नाही.

दुरुस्तीचा प्रवास साधारण असा असतो :

१. कुणीतरी तक्रार करतं.
२. डेव्हलपर तीच चूक स्वतःकडे घडवून बघतो. ती घडलीच नाही तर दुरुस्त कशी करणार? म्हणून तक्रारीत फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन आणि ॲपचं व्हर्जन लागतं.
३. चूक सापडली की कमीत कमी ओळी बदलून ती दुरुस्त होते.
४. त्या दुरुस्तीने दुसरं काही बिघडलं नाही ना, हे तपासलं जातं.
५. तिसरा आकडा एकाने वाढवून नवीन व्हर्जन बाहेर पडतं.

यात ‘कमीत कमी ओळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. डेव्हलपरकडे त्याच वेळी पुढच्या मोठ्या व्हर्जनचंही काम सुरू असतं. त्यातल्या अर्धवट गोष्टी दुरुस्तीत मिसळू नयेत, म्हणून चालू व्हर्जनची एक वेगळी शाखा ठेवतात. दुरुस्ती त्या शाखेत होते आणि मग पुढच्या व्हर्जनमध्येही उचलून नेली जाते. हे दुसरं काम विसरलं, तर ४.०.१ मध्ये गेलेला बग ४.१.० मध्ये पुन्हा उगवतो.

आणखी एक. नवीन व्हर्जन सगळ्यांना एकदम मिळतंच असं नाही. प्ले स्टोअरवर ते आधी थोड्या लोकांना देऊन बघता येतं आणि अडचण दिसली तर थांबवता येतं. शेजाऱ्याला अपडेट आलं आणि तुम्हाला नाही, यामागे हे कारण असू शकतं.

दुरुस्तीचीही दुरुस्ती लागते

डिसेंबर २०२१ मध्ये जगभरातल्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप उडाली होती. कारण होतं ‘लॉगफोरजे’ नावाचं एक छोटं पॅकेज. पॅकेज म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार भाग, जो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येतो. कोणतंही ॲप अशा डझनावारी पॅकेजेसवर उभं असतं आणि प्रत्येकाला स्वतःचा व्हर्जन नंबर असतो.

लॉगफोरजेमध्ये अशी त्रुटी निघाली की बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. दुरुस्ती म्हणून २.१५.० आलं. ती अपुरी ठरली, म्हणून २.१६.० आलं. त्यातही दोष सापडला, म्हणून २.१७.० आणि शेवटी २.१७.१. हे सगळं एकाच महिन्यात. त्या दिवसांत “आम्ही अपडेट केलं आहे” या वाक्याला अर्थ नव्हता. “कोणत्या नंबरपर्यंत?” हाच खरा प्रश्न होता.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या पॅकेजमधल्या ‘हार्टब्लीड’ बगच्या वेळी तर फरक एका अक्षराचा होता. १.०.१एफ धोक्याचं, १.०.१जी सुरक्षित.

उलटंही घडतं. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या व्हर्जनमध्ये मुद्दाम लपवलेला चोरदरवाजा सापडला. तेव्हा जुन्या व्हर्जनवर परत जाण्याचा सल्ला दिला गेला. नवीन म्हणजे नेहमी चांगलंच असं नाही, पण कोणतं नवीन आणि कोणतं जुनं हे नंबरमुळेच सांगता येतं.

फोन जुना असेल तर?

प्रत्येक ॲप अँड्रॉइडच्या एका किमान व्हर्जनपासून पुढेच चालतं. ही किमान अट वाढवली की जुन्या फोनवर नवीन व्हर्जन उतरतच नाही. यात शेतकऱ्याची चूक नसते आणि फोन बिघडलेलाही नसतो.

याची झळ राज्याने पाहिली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करत आंदोलन केलं. फोनची क्षमता कमी आहे, त्यावर पोषण ट्रॅकर नीट चालत नाही आणि ॲप मराठीत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ॲपचा नंबर पुढे गेला आणि हातातला फोन मागे राहिला की काय होतं, याचं हे उदाहरण.

गंमत म्हणजे ‘ॲप’ या शब्दातलं ‘ॲ’ हे अक्षरही एका व्हर्जनमुळेच मिळालं आहे. संगणकावरच्या अक्षरांचं मानक असलेल्या युनिकोडमध्ये ते २००८ साली, ५.१ या व्हर्जनमध्ये आलं. ते अक्षर नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये त्याजागी नुसता चौकोन दिसतो.

मग अपडेट करताना काय करायचं?

• आधी नंबर बघा. प्ले स्टोअरवर ॲप उघडून ‘या ॲपबद्दल’ मध्ये खाली व्हर्जन दिसतं. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या माहितीतही ते असतं. दोन्ही सारखे असतील तर अपडेट झालेलं आहे.

• अडकलेली नोंद आधी पाठवा. नेटवर्क नसताना भरलेली माहिती फोनमध्येच पडून असते. ती अपलोड न करता ॲप अनइन्स्टॉल केलं तर माहिती आणि फोटो दोन्ही जातात. ‘काढून टाका आणि पुन्हा घ्या’ हा सल्ला ग्रुपवर सर्रास दिला जातो. तो पाळण्याआधी अपलोड झालं आहे का, ते तपासा.

• अपडेट नेटवर्कमध्ये, फोटो बांधीत. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की अपडेट आणि नोंदणी उरकून घ्या. शेतात पोहोचल्यावर ‘अपडेट आवश्यक’ असं दिसलं आणि नेटवर्क नसेल तर फेरी वाया जाते.

• व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. खरं अपडेट जुन्या ॲपवरच बसतं, कारण दोन्हींवर बनवणाऱ्याची एकच डिजिटल सही असते. सही वेगळी असेल तर फोन ते अपडेट नाकारतो. म्हणून फसवणारे लोक तेच नाव आणि तेच चित्र वापरून वेगळं ॲप पाठवतात. प्ले स्टोअरशिवाय दुसरीकडून घेऊच नका.

• ॲप बिघडलं की सर्व्हर, ते ओळखा. गावात सगळ्यांचंच, सगळ्या फोनवर एकाच वेळी अडकत असेल, तर बहुधा सर्व्हरवर ताण आहे. अपडेट करून उपयोग नाही, पहाटे किंवा रात्री प्रयत्न करा. एकाच प्रकारच्या फोनवर किंवा एकाच व्हर्जनवर अडकत असेल, तर तो ॲपचा बग असण्याची शक्यता जास्त.

• तक्रारीत चार गोष्टी लिहा : ॲपचा व्हर्जन नंबर, फोनचं मॉडेल, कोणत्या स्क्रीनवर अडकलं आणि स्क्रीनशॉट. “ॲप चालत नाही” एवढ्यावरून बग सापडत नाही.

आणि बनवणाऱ्यांनी?

ई-पीक पाहणीची मुदत अनेक हंगामांत वाढवावी लागली आहे. मुदतवाढ हा दिलासा आहे, पण ती चुकीची दुरुस्ती नव्हे.

सरकारी ॲपसाठी व्हर्जन नंबरची शिस्त पाळणं त्यापेक्षा स्वस्त आहे. हंगाम सुरू होण्याआधी पहिला आकडा हवा तितका बदला. पण नोंदणी सुरू झाली की शेवटच्या तारखेपर्यंत फक्त तिसरा आकडा बदलावा. म्हणजे दुरुस्त्या येत राहतील, पण कालपर्यंत चालणारं व्हर्जन आज बंद पडणार नाही. प्रत्येक दुरुस्तीसोबत काय बदललं हे दोन ओळींत, मराठीत लिहावं. आणि चाचणी शहरातल्या महागड्या फोनवरच नको, पावसात, झाडीला लागून असलेल्या बांधीत, साध्या फोनवरही व्हावी.

तोवर आपल्या हातात एवढंच आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर ‘नवीन व्हर्जन आलं’ असा मेसेज आला, की पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : “कोणता आकडा बदलला?”